प्रोग्रेसिव्ह प्रेसला मोटर बसवायची आहे, खांद्याने राजीनामा दिलाय

उजवा_खांदा

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

नेमबाजीच्या रेंजवर आठवड्याला तीनेकशे गोळ्या सहज उडतात, ९ एमएम आणि .४५ एसीपी ही पिस्तुलाची दोन्ही मापं मिळून. काडतुसं मी घरीच गॅरेजमध्ये भरतो. प्रेस आहे डिलनचं एक्सएल ६५०, पाच स्टेशनांचं, प्लेट आपोआप फिरते. दांडा एकदा खाली-वर केला की एक काडतूस तयार. इथवर सगळं छान. पण हजार काडतुसं म्हणजे हजार वेळा दांडा, आणि डॉक्टरांनी आता खांद्याचा फोटो दाखवून सरळ सांगितलंय की हे असंच चालू ठेवलंत तर पुढच्या वर्षी हात डोक्याच्या वर जाणार नाही.

शेजाऱ्याने टाकून दिलेली ट्रेडमिल मी उचलून आणली आहे. मोटरीच्या पाटीवर अडीच हॉर्सपॉवर, १३० व्होल्ट डीसी असं लिहिलंय. कंट्रोलरसुद्धा चालू आहे. बेत असा की पट्टा लावून वेग कमी करायचा, क्रँक (शाफ्टसोबत गोल फिरणारा आडवा हात) बसवायची आणि एका जोडदांडीने प्रेसचा दांडा हलवायचा. कुणी केलंय का? काय चुकेल?

शंकासुर

आधी माझ्यासारख्यांसाठी जरा सांगा, हे यंत्र नेमकं करतं काय? "पाच स्टेशनं" वाचून मला पॅसेंजर गाडी आठवली.

उजवा_खांदा

हा हा, उपमा फार चुकीची नाही. उडवलेल्या काडतुसाची पितळी केस, म्हणजे बाहेरचं नळकांडं, फेकून द्यायची नसते, ती पुन्हा वापरता येते. बार उडताना ती फुगते, म्हणून पहिल्या स्टेशनवर डायमध्ये (साच्यात) दाबून मूळ मापावर आणायची. त्याच वेळी मधली सुई खालचा जळका प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली) ढकलून पाडते. मग नवा प्रायमर बसतो. पुढे केसचं तोंड जरासं रुंद होतं आणि मापाची पावडर पडते. त्यानंतर पावडरची पातळी तपासायची जागा, मग बुलेट बसवणं, आणि शेवटी तोंड पुन्हा आवळणं.

साध्या प्रेसवर ही कामं एकेक करून, डाय बदलून करायची. प्रोग्रेसिव्हमध्ये केसा गोल प्लेटवर उभ्या असतात आणि एका दांड्यात सगळ्या स्टेशनांवर एकदम काम होतं. म्हणजे एकाच क्षणी एकीत पावडर पडते, दुसरीत बुलेट बसते, तिसरी आवळली जाते. वेग त्यातूनच येतो आणि गोंधळही.

शंकासुर

समजलं. म्हणजे तुमच्या गॅरेजात दारू सांडणं ही नेहमीची गोष्ट.

उजवा_खांदा

सांडते, पण प्यायची नाही. :)

वर्मगिअर

खांदासाहेब, ट्रेडमिलची मोटर पाहून सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्याही सुटलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ती मोटर मिनिटाला काही हजार फेरे मारायला बनवली आहे. तुम्हाला हवेत दहा-पंधरा. नुसत्या पट्ट्याने एवढी घट होत नाही, एकामागून एक तीन टप्पे करावे लागतात आणि गॅरेजात पिठाच्या गिरणीसारखं दृश्य दिसतं. कंट्रोलरने वेग अगदी खाली आणलात तर मोटरीचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, आणि ती तापते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या मोटरीच्या शाफ्टवर एक जडसं चाक असतं, ते धावणाऱ्याच्या पायाचे धक्के गिळायला. तुम्ही वीज तोडलीत तरी ते चाक फिरतच राहतं. वेग दुप्पट तर साठलेली ऊर्जा चौपट. म्हणजे प्रेसमध्ये काही अडकलं, तुम्ही बटण दाबलं, आणि मोटरीने "ऐकलं हं" म्हणत आणखी दोन काडतुसं चिरडली. ते चाक आधी काढा. काही मोटरींत पंखा त्याच चाकात असतो, तेव्हा काढल्यावर थंडाव्याची वेगळी सोय लागते.

माझा सल्ला असा की गिअरबॉक्स लावलेली मोटर घ्या. मिनिटाला १७५० फेऱ्यांची मोटर आणि ६० ला १ वर्मगिअर (स्क्रूने फिरणारं दातेरी चाक) जोडलात तर मिनिटाला २९ फेरे मिळतात, म्हणजे तासाला कागदावर साडेसतराशे. हा आकडा विसरून जा. मिनिटाला पंधराच्या वर जाऊ नका, तासाला नऊशे भरपूर झाले. एवढ्या मापाचं वर्म सहसा उलटं फिरत नाही, म्हणजे प्रेसकडून ढकललं तरी गिअर जागचा हलत नाही. ते चांगलं, कारण वीज गेली तर दांडा आपोआप खाली पडत नाही. आणि तेच वाईट, कारण काही अडकलं की हाताने मागेही घेता येत नाही. म्हणून मोटर उलटी फिरवायचं बटण हवंच, आणि जोडदांडी एका झटक्यात सुटेल अशी पिन हवी.

एसी मोटर घेऊन व्हीएफडीने (विजेची वारंवारिता बदलणाऱ्या ड्राइव्हने) वेग बदलायचा विचार असेल तर मोटर तीन फेजची घ्या. घरातल्या एका फेजवर चालून तीन फेज देणारे व्हीएफडी मिळतात. पण एक फेजची कपॅसिटरवाली मोटर व्हीएफडीला जोडू नका.

फ्यूजउडाला

+१ वर्मगिअर. वायपरची मोटर लावून बघितलेला मी एक. काचेवरचं पाणी पुसायला ठीक आहे.

बारा_बोअर

मोटरीच्या गणिताआधी माझी गोष्ट ऐका.

माझं प्रेस मी मोटरवर चढवलं तेव्हा पहिले दोन दिवस मी बाळ झाल्यासारखा आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी .४५ चा लॉट लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: .४५ एसीपीच्या केसा पूर्वी मोठ्या प्रायमरच्याच असायच्या. आता लहान प्रायमरच्याही सर्रास येतात. बाहेरून एकसारख्या, तळ बघितला तरच फरक कळतो. रेंजवरून गोळा केलेल्या बादलीत त्या मिसळलेल्या असतात.

हाताने भरताना अशी एखादी केस आली की कळायचं. मोठा प्रायमर लहान खळग्यात जात नाही, दांडा शेवटच्या अर्ध्या इंचात गच्च होतो, हात आपोआप थांबतो. डोक्याला कळायच्या आधी तळहाताला कळतं. मोटरीला तळहात नाही. तिने तो प्रायमर लहान खळग्यात कोंबला आणि तो फुटला. आवाज फटाक्यासारखा, पण बंद खोलीत, कानापासून दोन फुटांवर. केसा धरणाऱ्या प्लेटची एक बाजू काळी पडली आणि माझ्या चष्म्यावर बारीक ठिपके उठले. त्यातला एक बरोबर उजव्या बुबुळासमोर होता.

प्रायमरची नळी पोलादी आवरणात होती आणि तिथपर्यंत काही पोचलं नाही. त्या नळीत शंभर प्रायमर एकावर एक रचलेले असतात. एक पेटला तर बाकीचे नव्व्याण्णव काय करतील याचा विचार करत मी जमिनीवर बराच वेळ बसून होतो.

तेव्हापासून .४५ ची प्रत्येक केस मी तळ बघून निवडतो. आणि मोटर काढून टाकली.

उजवा_खांदा

बाप रे. चष्मा होता म्हणून वाचलात. माझ्या बादलीतही दोन्ही प्रकार आहेत.

लेथवाली

बारा बोअर यांनी तळहाताचं म्हटलं ते यंत्राच्या भाषेत सांगते, कारण धाग्याचा गाभा तोच आहे.

लोक म्हणतात, "टॉर्क लिमिटर लाव, अडकलं की घसरेल." टॉर्क म्हणजे शाफ्ट फिरवणारा जोर. क्रँकच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. क्रँक आणि जोडदांडी एका रेषेत यायला लागतात तेव्हा, म्हणजे फेऱ्याच्या दोन्ही टोकांना, थोड्याशा टॉर्कमधून प्रचंड दाब तयार होतो. गणिताने तर अगदी टोकावर तो अनंत होतो. आता बघा, प्रेसमध्ये महत्त्वाचं सगळं टोकालाच होतं. बुलेट पूर्ण बसते ती टोकाला, आवळली जाते ती टोकाला, आणि प्रायमर बसतो तो दुसऱ्या टोकाला. मधल्या प्रवासात काही अडकलं तर लिमिटर घसरेल. टोकाला अडकलं तर त्याला पत्ताही लागणार नाही, कारण तिथे शाफ्टवर टॉर्क जवळपास नसतोच. मोटरीचा करंट मोजून थांबवणाऱ्या सर्किटचंही तेच रडगाणं.

म्हणून तुटणारी गोष्ट शाफ्टवर न ठेवता जोडदांडीत ठेवा. तिथे टॉर्कऐवजी सरळ दाब कळतो. एक आडवी पिन, मुद्दाम मऊ धातूची, ठरावीक दाबाला तुटेल अशी. हाही पूर्ण इलाज नाही, कारण प्रेसच्या आतली सांध्यांची रचनाही टोकाला तशीच दाब वाढवते. पण शाफ्टवरच्या लिमिटरपेक्षा कितीतरी बरा.

आता तुमच्या ६५० बद्दल. त्यात प्रायमर कधी बसतो आठवा. दांडा खाली ओढताना नव्हे, परत वर नेल्यावर शेवटी पुढे ढकलताना. तो ढकलण्याचा जोर माणूस अंदाजाने देतो, तळ लागला की थांबतो. क्रँकचं टोक मात्र ठरलेलं असतं, तिथे ती जाणारच. केसची कड जरा जाड असली की प्रायमर चेपला जाईल, पातळ असली की वर उरेल. वर उरलेला प्रायमर म्हणजे कधी नुसती टिक, बार नाही, आणि काही बंदुकांत बोल्ट आपटल्यावर नको तेव्हा बार.

१०५० आणि ११०० ला बहुतेक लोक मोटर लावतात ते याच कारणाने. त्यांना आठ स्टेशनं आहेत आणि प्रायमरसुद्धा खाली ओढतानाच बसतो, किती खोल बसवायचा ते स्क्रूने ठरवता येतं. एकाच दिशेला काम, परतीला फक्त प्लेट फिरणार. मोटरीला असं सरळ काम आवडतं.

वर्मगिअर

लेथवाली ताई, टोकाचा मुद्दा माझ्या डोक्यातून निसटलाच होता. मी स्वतः शाफ्टवर जोर वाढला की घसरणारा बॉल-क्लच लावून निर्धास्त बसलोय. उद्या काढतो.

संथ_नेम

पावडरविषयी कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. प्रायमर फुटला तर आवाज होतो, पावडर चुकली तर गॅरेजात काहीच होत नाही. होतं ते रेंजवर.

पावडर मापात भरायला आणि मापातून केसमध्ये पडायला वेळ लागतो. हाताने भरणारा माणूस नकळत तो वेळ देतो, दांडा तळाला क्षणभर टेकवतो. मोटरीचा वेग वाढवला की हा क्षणच आधी गायब होतो. बारीक गोल दाण्यांची पावडर पाण्यासारखी वाहते, तिचं एकवेळ जमेल. काड्यांसारख्या दाण्यांची पावडर मापाच्या तोंडाशी पूल बांधते, एका केसमध्ये कमी पडते आणि पुढच्या केसमध्ये उरलेली धरून जास्त. शिवाय मोटरीच्या थरथरीने डब्यातली पावडर दबते. सकाळी तंतोतंत लावलेलं माप दुपारी तेवढ्याच जागेत जास्त वजन भरतं. मोटर चालू ठेवून, तिच्या खऱ्या वेगातच माप लावा, आणि अधूनमधून काट्यावर तोला.

पावडर न पडलेल्या काडतुसात नुसत्या प्रायमरच्या जोराने बुलेट पिस्तुलाच्या नळीत अर्ध्यात जाऊन बसते. आवाज फुस्स. नेमबाजाला वाटतं बार उडाला नाही, तो पुढचा ओढतो, आणि नळी फाटू शकते. उलट बाजूला, पिस्तुलाच्या जलद पावडरी इतक्या थोड्या लागतात की दोन मापं एका केसमध्ये सहज मावतात, वरून बुलेटही नीट बसते. बाहेरून काही कळत नाही.

पावडरची पातळी तपासणाऱ्या डाय दोन जातीच्या असतात. एक बोंबलते, बझर वाजवते. दुसरी प्रेस जागच्या जागी अडवते. हाताच्या प्रेसला दुसरी उत्तम, पण मोटरीच्या प्रेसला ती अडवणार म्हणजे कुणाशी लढणार? मोटरीशी. तेव्हा बझरवाली घ्या आणि बझरच्या जागी मोटर बंद करणारा रिले जोडा.

आणखी एक बारीकशी गोष्ट. ६५० ची प्लेट जागेवर बसताना टक्कन झटका देते आणि भरलेल्या केसमधून चिमूटभर पावडर उडते. प्लेटला जागेवर धरणाऱ्या खालच्या बॉलची स्प्रिंग थोडी कापली किंवा हलकी टाकली की झटका मऊ होतो. हे हातानेही करायला हवं, मोटरीवर तर नक्कीच.

शंकासुर

थांबा, म्हणजे दांडा ओढणारा माणूस प्रत्यक्षात दांडा ओढत नाहीये, तपासणी करतोय?

लेथवाली

अगदी तेच. दांडा हे निमित्त.

फ्यूजउडाला

विजेची बाजू माझ्याकडे.

लाल मशरूमचं बटण लावा, दाबलं की दाबलेलंच राहणारं. ते आर्डुइनोच्या (छोट्या प्रोग्रामेबल बोर्डच्या) पायाला जोडू नका. आर्डुइनो अडकला तर तुमचं बटण म्हणजे भिंतीवरचं चित्र. त्या बटणाचा एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा संपर्क थेट काँटॅक्टरच्या (मोटरीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइलला न्या. वायर तुटली तरी मोटर थांबली पाहिजे, चालू राहिली नाही पाहिजे.

वीज गेली आणि परत आली तर मोटर आपणहून सुरू होता कामा नये. हे मी अनुभवाने सांगतोय. एक स्वस्त कंट्रोलर घेतला होता, विकणाऱ्याचं नाव घेत नाही. वीज गेली, मी टॉर्च शोधायला खाली वाकलो, वीज आली आणि महाशय शंभर टक्के वेगाने सुरू. माझी बोटं तेव्हा प्लेटवर नव्हती, हे माझं कर्तृत्व नव्हे.

डीसी मोटर असेल तर वीज तोडल्यावर तिच्या दोन टोकांना एक जाड रेझिस्टर जोडला जाईल अशी सोय करा. मोटर स्वतःच जनरेटर होऊन पटकन थांबते. आणि कार्बन ब्रशच्या मोटरीत आत ठिणग्या पडत असतात, ती बाकाखाली, पावडरपासून लांब आणि झाकलेली ठेवा. प्रेसला अर्थिंग द्या.

सेन्सर कितीही लावता येतात. केस आली का, जळका प्रायमर खरंच पडला का, नव्या प्रायमरची नळी संपत आली का, बुलेट आहे का. पण प्रत्येक सेन्सर म्हणजे खोटं बोलू शकणारा आणखी एक साक्षीदार.

बारा_बोअर

शेवटचं वाक्य आवडलं. माझ्या केस-सेन्सरवर पितळेची भुकटी बसली होती, तो आठवडाभर "सगळं ठीक" म्हणत होता.

पुण्याचा_पाहुणा

भारतात असं घरी करता येईल का? मी रायफल क्लबात जातो म्हणून विचारतोय.

संथ_नेम

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. या धाग्यावरून तिथे काही करू नका. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. "मोटर लावलीच आहेस तर माझेही पाचशे करून दे, पैसे देतो" असं म्हणणारा मित्र भेटतोच. त्याला तिथेच नमस्कार करा. आणि मोटर आली की सामान साठवायची हाव वाढते, म्हणून आठवण: एनएफपीए ४९५ या अमेरिकेतल्या स्फोटक सामानाच्या सुरक्षा-मानकाप्रमाणे घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत पावडर, त्याहून जास्त, एकूण ५० पौंडांपर्यंत, एक इंच जाड लाकडी पेटीत, आणि प्रायमर १०,००० पर्यंत. तुमच्या गावचा नियम याहून कडक असू शकतो, तो बघा.

हळू_चाल

मी वेगळाच प्रश्न विचारतो. खांदा नक्की कशाने दुखतोय? माझाही दुखायचा. मी लक्ष देऊन बघितलं तर जोर लागतो तो फक्त पहिल्या स्टेशनला, फुगलेली केस मापात आणताना. बाकी स्टेशनं मिळून लोण्यात सुरी. मग मी काम दोन फेऱ्यांत तोडलं.

पहिल्या फेरीत प्रेसवर फक्त एकच डाय, जळका प्रायमर पाडून माप करणारी. प्रायमर नाही, पावडर नाही, बुलेट नाही. या केसा पुन्हा टंबलरमध्ये (केसा घोळवून साफ करणाऱ्या यंत्रात) धुऊन माप करताना लावलेलं वंगण काढायचं आणि दुसऱ्या फेरीत भरायच्या. दुसऱ्या फेरीला दांडा दोन बोटांनी ओढता येतो, अतिशयोक्ती नाही.

तुम्हाला मोटर लावायचीच असेल तर पहिल्या फेरीला लावा. तिथे पेटणारं जवळजवळ काही नाही. अडकलं तर एक केस चुरगळेल. आणि जिथे तळहात हवा तिथे तळहात ठेवा.

लेथवाली

हे इतकं सोपं आहे की आपण सगळे दोन पानं टॉर्कवर का भांडलो कळत नाही.

वर्मगिअर

कारण टॉर्कवर भांडायला मजा येते.

बारा_बोअर

हळू_चाल यांच्या "जवळजवळ" या शब्दाखाली रेघ मारतो. रेंजवरच्या केसांत कधी न उडालेला प्रायमर तसाच असतो, तो पाडताना फुटू शकतो. चष्मा पहिल्या फेरीलाही. आणि जळक्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं, टंबलरच्या धुळीतही. तो डबा उघड्यावर रिकामा करा, हात धुवा, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

संथ_नेम

दुसऱ्या फेरीच्या पहिल्या स्टेशनवर नुसती सुईची डाय ठेवा, माप न करणारी. धुताना टंबलरमधला खडा प्रायमरच्या भोकात अडकून बसतो, तो ती सुई पाडते. मी हे न करता चाळीस काडतुसं भरली होती. सगळी परत फोडली.

उजवा_खांदा

मंडळी, तुम्ही माझा अख्खा आराखडा मोडलात आणि मी खूश आहे. ट्रेडमिल शेजाऱ्याला परत देता येणार नाही, एवढंच वाईट. ठरलं असं: वर्मगिअरची मोटर, मिनिटाला बारा फेरे, फक्त केस तयार करायला. प्रायमरची सगळी यंत्रणा त्या फेरीला काढून ठेवणार, म्हणजे चुकूनही नळी लागायची नाही. भरणं हातानेच. झालं की इथे लिहीन.

उजवा_खांदा

सहा आठवड्यांनी परत आलोय.

चाललं! पण सरळ नाही. पहिल्यांदा बाकच हलायला लागलं. हाताने ओढताना आपण बाकाच्या डुलण्याशी जुळवून घेतो हे तेव्हा कळलं. मोटर जुळवून घेत नाही, ती प्रेसला एकीकडे आणि बाकाला दुसरीकडे ढकलते. बाक भिंतीला बोल्ट मारून बांधलं, खाली आडवी कैची दिली. दुसऱ्यांदा जोडदांडीचा सांधा चुकला, क्रँकचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास प्रेसच्या दांड्याच्या प्रवासापेक्षा थोडा जास्त होता. मोटर न लावता, गिअरबॉक्सचा शाफ्ट पान्याने हाताने फिरवून बघितला म्हणून वाचलो. हे सगळ्यांनी करावं, पूर्ण एक फेरा पान्याने, दोन्ही टोकं नीट निरखून.

आता मिनिटाला बारा फेऱ्यांनी आरामात चालतं. मी बाजूला स्टुलावर बसून प्रेसला केसा पुरवणाऱ्या डब्यात केसा टाकतो आणि एक हात लाल बटणाजवळ ठेवतो. भरताना दांडा खरंच दोन बोटांचा झालाय, आणि प्रायमर तळाला टेकल्याचा तो बारीकसा टच आता आधीपेक्षा स्पष्ट लागतो, कारण त्यात माप करायचा जोर मिसळलेला नाही. .४५ ची छाननीही याच फेरीनंतर करतो. जळका प्रायमर पडलेला असतो, त्यामुळे लहान खळगा लगेच डोळ्यात भरतो.

जोडदांडीतली पिन आतापर्यंत तीनदा तुटली. पहिल्यांदा बाकामुळे. दुसऱ्यांदा तळाला मधोमध एका भोकाऐवजी बाजूला दोन भोकं असलेली केस आली, सुईही वाकली. तिसऱ्यांदा मात्र काय अडकलंय तेच कळेना. केस बाहेर काढून आत टॉर्च मारला तर ९ एमएमच्या पोटात .२२ ची केस घट्ट बसलेली.

शंकासुर

म्हणजे मांजराने उंदीर गिळला.

लेथवाली

तीनदा तुटली म्हणजे योग्य जागी आहे. पिन कशाची केलीत आणि किती जाडीची?

उजवा_खांदा

आधी अ‍ॅल्युमिनिअमची होती, ती काही अडकल्याशिवायच दमून तुटेल असं वाटायला लागलं होतं, कडेला चीर दिसत होती. आता पितळेची आहे, मधोमध कानशीने खाच मारलेली, म्हणजे तुटली की तिथेच तुटते. जाडी चार मिलिमीटर, खाचेत अडीच. एका डबीत वीस करून ठेवल्यात.

वर्मगिअर

पितळ का, प्लॅस्टिक का नाही?

उजवा_खांदा

पितळ घरात बादलीभर पडलेलं असतं म्हणून. गंमत केली, दुकानातली सळईच आहे. नायलॉनची करून बघितली होती, ती तुटायच्या ऐवजी लांबते आणि प्रेसचा दांडा टोकाला पोचतच नाही. केस अर्धीच मापात येते आणि बाहेरून दिसत नाही. तपासणीच्या गेजमध्ये घातली तेव्हा कळलं.

लेथवाली

मग त्या दिवसाच्या सगळ्या केसा परत मापात घ्या. गेजमध्ये एक अडकली तर तिच्या आधीच्याही किती गेल्यात ते सांगता येत नाही.

उजवा_खांदा

घेतल्या. चारशे दहा. हाताने, डाव्या.